किती लांब, किती जवळ: नजरेबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात डोळ्यांबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा म्हटलं होतं, त्यावर पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज भरपूर आले. नंबर का वाढतो, गाजर खाऊन फरक पडतो का, हे सगळं आहेच त्यात, ते पुढच्या वेळी घेऊ. पण बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी अशा सगळीकडनं आलेल्या कितीतरी पत्रांत फिरून फिरून एकच गोष्ट विचारलीय, अंतराचा अंदाज. पायरी किती खोल, गाडी किती लांब, धागा नेमका कुठं. म्हणून यावेळचा कॉलम अख्खा त्यालाच दिलाय. हा विषय मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपण हे काम डोळ्याचं समजून बसतो आणि बिघडलं की चष्म्याच्या दुकानात जातो, पण लांब-जवळ ठरवताना दोन डोळ्यांमधली जागा, मान, उंची, पाय, सगळं अंग कामाला लागलेलं असतंय.

प्रश्न: मी वडगावात पॉवरलूमवर काम करतो, वय ५८. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे म्हणालेत डॉक्टर. डाव्यानं सगळं लख्ख दिसतंय, पेपर वाचतो, टीव्ही बघतो. पण तुटलेला धागा धरायला गेलं की बोट अलीकडंच थांबालंय नाहीतर पुढं जालंय. एक डोळा चांगला असताना असं का?

मामा, डावा डोळा त्याचं काम नीटच करतोय, पण धागा धरायचं काम एका डोळ्याचं नव्हेच. आपल्या दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमधे साधारण ६३ मिलिमीटर अंतर असतंय, अडीच इंच म्हणा. तेवढ्यामुळं एकच धागा डाव्या डोळ्याला जरा एका जागी आणि उजव्याला जरा दुसऱ्या जागी दिसतो, आणि मेंदू या दोन चित्रांतला फरक बघून धागा किती पुढं आहे ते काढतो. घरातल्या कुणाला तरी एक पेन समोर आडवं धरायला सांगा, हाताच्या अंतरावर, आणि तुम्ही दुसरं पेन बाजूनं आणून टोकाला टोक लावून बघा. ज्याचे दोन्ही डोळे चांगले त्याचं पहिल्या झटक्यात लागतं. त्यालाच एक डोळा झाकून परत लावायला सांगा, टोक बहुतेक वेळा अलीकडनं नाहीतर पलीकडनं निघून जातं, आणि गंमत म्हणजे पेन तर अगदी स्पष्ट दिसत असतंय. स्पष्ट दिसणं वेगळं आणि कुठं आहे ते कळणं वेगळं, तुमची अडचण दुसऱ्यातली आहे.

हे पहिल्यांदा नीट दाखवून दिलं ते इंग्लंडच्या चार्ल्स व्हीटस्टन यांनी, १८३८ साली. त्यांनी साध्या रेघांची दोन सपाट चित्रं काढली, एक डाव्या डोळ्याला दिसतं तसं, एक उजव्याला दिसतं तसं, आणि दोन आरसे लावून एकेक डोळ्यापुढं एकेक चित्र ठेवलं. बघणाऱ्याला कागदातनं वस्तू उठून समोर आल्यासारखी दिसली. नुसत्या रेघा होत्या त्या, सावली नाही की रंग नाही. डोळ्याकडनं मेंदूत जाणाऱ्या नसांमधल्या जवळजवळ अर्ध्या नसा वाटेत बाजू बदलतात, त्यामुळं दोन्ही डोळ्यांना दिसलेली एकच जागा मेंदूत एकाच ठिकाणी जाऊन भेटते आणि तिथल्या पेशी दोन चित्रं ताडून बघतात. बैलाचे डोळे डोक्याच्या बाजूला असतात, त्याला जवळपास मागनं येणारा माणूससुद्धा दिसतो, पण दोन्ही डोळ्यांची चित्रं एकावर एक येतात ती समोरच्या थोड्याशा भागातच. आपलं उलटं, मागचं काहीच दिसत नाही पण समोर जवळजवळ १२० अंशांत दोन्ही डोळे एकच बघतात. हाताचं बारीक काम करणाऱ्याला हेच पाहिजे.

आणि हे बारीक म्हणजे किती बारीक ते बघा. चांगली नजर असलेल्याला एक मीटरवर साधारण दीड मिलिमीटर पुढं-मागं कळू शकतं. १० मीटरवर तोच हिशोब १५ सेंटिमीटरवर जातो आणि १०० मीटरवर १५ मीटरवर. अंतर दहापट झालं की चूक शंभरपट होते. म्हणून तुम्हाला रस्त्यावर चालताना फारसा फरक वाटला नसेल पण मागावर लगेच वाटला.

तरी रस्त्याबद्दल एक सांगून ठेवतो. ज्या डोळ्यात उजेड कमी जातो त्या डोळ्याचा निरोप मेंदूला जरा उशिरा पोचतो. उशीर अगदी सेकंदाच्या बारक्या हिश्श्याचा, पण समोरची वस्तू पळती असेल तर तेवढ्यात ती पुढं गेलेली असते, मग एक डोळा म्हणतो इथं आणि दुसरा म्हणतो जरा मागं, आणि मेंदू हा फरक अंतराचा समजून बसतो. दोऱ्याला दगड बांधून सरळ रेषेत झुलवा आणि एका डोळ्यापुढं काळ्या गॉगलची काच धरून दोन्ही डोळ्यांनी बघा, दगड गोल गोल फिरताना दिसतो. जर्मनीच्या कार्ल पुलफ्रिख यांनी १९२२ साली हे समजावून सांगितलं आणि त्यांचा स्वतःचा एक डोळा गेलेला होता, त्यामुळं हा खेळ त्यांना कधी बघता आला नाही. एकाच डोळ्यात मोतीबिंदू असलेल्याला आडव्या जाणाऱ्या गाड्यांबद्दल असाच धोका होऊ शकतो. म्हणून मामा, मोतीबिंदू पूर्ण पिकू दे मग बघू असं करू नका, आताच्या ऑपरेशनला पिकायची वाट बघावी लागत नाही. डॉक्टरांना फक्त ‘दिसतंय’ एवढंच सांगू नका, कामाला हात चुकतोय हे स्पष्ट सांगा.

प्रश्न: माझी मुलगी ४ वर्षांची आहे, खानापूर तालुक्यात राहतो. तिचा डावा डोळा मधेच आत वळतो, दमली की जास्त. सासूबाई म्हणतात तिरळा डोळा भाग्याचा असतो, मोठी झाली की आपोआप जाईल, चष्मा लावला तर पोरीला नावं ठेवतील. काय करू?

ताई, या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि ही ओळ त्यांनाच वाचून दाखवा: ४ वर्षांच्या मुलीचा वळणारा डोळा आपोआप बरा होईल म्हणून थांबू नये. अगदी तान्ह्या बाळाचे डोळे पहिले काही महिने मधूनमधून इकडंतिकडं जातात ते चालतं, पण त्यानंतर नाही.

कारण सांगतो. दोन डोळ्यांनी मिळून खोली बघायची शक्ती जन्मतः तयार नसते, साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात ती उगवते आणि मग काही वर्षं पक्की होत राहते. डोकं वाढतं तसं दोन डोळ्यांमधलं अंतरही वाढतं, म्हणजे मेंदूला हिशोब सारखा नव्यानं बसवावा लागतो. या काळात एक डोळा दुसरीकडंच बघत असेल तर मेंदूला एकाच्या दोन वस्तू दिसायला लागतात, ते टाळायला तो त्या डोळ्याचं ऐकणंच बंद करतो. डोळा आतनं चांगला असतो, पण त्याचा निरोप कुणी घेत नाही, यालाच आळशी डोळा म्हणतात. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी मांजराच्या पिल्लांवर हे दाखवलं, लहानपणी एक डोळा बंद ठेवला तर मेंदूतल्या पेशी त्या डोळ्याला उत्तर देईनाशा झाल्या आणि मोठ्या मांजरावर तेच केलं तर काही झालं नाही. १९८१ चं नोबेल त्यांना मिळालं आणि जगभरातल्या डॉक्टरांना कळलं की लहान मुलांच्या डोळ्यांच्या बाबतीत थांबून चालत नाही.

उपाय साधे आहेत, कधी नुसता चष्मा, कधी चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, कधी ऑपरेशन. सात-आठ वर्षांच्या आत केलं तर सगळ्यात चांगला गुण येतो. त्यानंतर काहीच होत नाही असंही नाही. अमेरिकेतल्या सुझन बॅरी या मेंदूच्या अभ्यासक आहेत, लहानपणापासनं तिरळेपणा, ऑपरेशनं झालेली, तरी खोली दिसत नव्हती, ती त्यांना पन्नाशीच्या जवळ आल्यावर डोळ्यांचा व्यायाम करून दिसायला लागली. हे मी अशा मोठ्या माणसांसाठी सांगतोय ज्यांनी आशा सोडलीय, तुमच्या मुलीच्या बाबतीत मात्र थांबायला ते कारण नाही. आणि अजून एक, मोबाईलच्या फ्लॅशमधे काढलेल्या फोटोत तिच्या एका डोळ्याची बाहुली पांढरी चमकताना दिसली तर आठवडासुद्धा थांबू नका, दुसऱ्याच दिवशी जा, क्वचित पण आत गाठ असू शकते.

नावं ठेवायचं म्हणाल तर, पट्टीवर आवडीचं स्टिकर लावून दिलं की चार दिवसांत वर्गातल्या पोरांची सवय होते. उद्या शिवणकाम असो, सुई देणं असो, मशीनवरचं काम असो, तिला दोन्ही डोळे लागणार आहेत.

प्रश्न: नातू आठ महिन्यांचा. मांडीवर, सोफ्यावर बसलेला असताना कडेला जपून असतो, वाकत नाही. पण रांगायला लागल्यापासनं कॉटवरनं सरळ खाली! खोल दिसत नाही का त्याला?

दिसतं की आजी. दिसणं आणि आपल्या अंगाला त्याचा अर्थ लागणं यात काही आठवड्यांचा फरक आहे. १९६० साली एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी काचेचं टेबल करून त्याखाली खोल खड्ड्यासारखं दृश्य ठेवलं, रांगती बहुतेक बाळं आई पलीकडनं बोलावत असली तरी काचेवर गेली नाहीत. पण पुढं कॅरन अ‍ॅडॉल्फ यांना असं दिसलं की बसून शिकलेलं रांगताना उपयोगी पडत नाही, रांगायला नवीन लागलेलं बाळ बसल्यावर ज्या फटीपाशी थांबायचं तिथंच रांगताना सरळ पुढं जातं. चालायला लागल्यावर परत नव्यानं शिकावं लागतं. म्हणून त्याला खाली सतरंजीवर भरपूर रांगू दे, उचलून घेऊन सगळं दाखवलं तर ते शिकणं होत नाही. १९६३ साली हेल्ड आणि हाइन यांनी मांजराची दोन पिल्लं एका फिरत्या दांड्याला जोडली, एक स्वतःच्या पायानं फिरायचं आणि दुसरं टोपलीत बसून तेवढंच बघायचं. स्वतः चाललेल्याला खोल कळलं, टोपलीतल्याला नाही. आणि कॉटवर एकट्याला ठेवू नका, उशा लावूनसुद्धा.

प्रश्न: सर, मी निपाणीचा, इंजिनिअरिंगला आहे. लहानपणी विटी लागून उजवा डोळा गेला. मित्र म्हणतात तुला बॉल कुठं पडला कळणार नाही, बॅटिंग नको. खरंच जमणार नाही का?

मित्रांना मन्सूर अली खान पतौडी कोण ते विचार. १९६१ च्या जुलैत इंग्लंडमधे होव्हला गाडीच्या अपघातात त्यांच्या उजव्या डोळ्याची नजर गेली आणि त्याच वर्षी डिसेंबरात ते इंग्लंडविरुद्ध पहिली टेस्ट खेळले, पुढच्या महिन्यात मद्रासला शतक मारलं, २१ व्या वर्षी भारताचे कॅप्टन झाले. ४६ टेस्ट आणि ६ शतकं. सुरुवातीला त्यांना दोन-दोन बॉल दिसायचे, टोपी उजव्या डोळ्यावर ओढून खेळायचो हे त्यांनीच सांगून ठेवलंय.

कसं जमलं असेल? वर मी सांगितलं तसं दोन डोळ्यांचा फायदा लांबवर झपाट्यानं कमी होतो. बॉलरच्या हातातनं बॉल सुटतो तेव्हा तो तुझ्यापासनं १८-२० मीटरवर असतो, तिथं जास्त कामाला येतं ते बॉल डोळ्यात किती वेगानं मोठा होतोय हे, आणि त्याला एक डोळा पुरतो. शिवाय मान हलवली की एकच डोळा दोन जागांवरनं बघतो. एसटीच्या खिडकीतनं बघ, रस्त्याकडेचा ऊस सर्रकन मागं जातो आणि लांबचा डोंगर जागचा हलत नाही, मेंदू त्यावरनंच अंतर काढतो. टोळ उडी मारायच्या आधी अंग डावीकडं-उजवीकडं झुलवतो ते याचसाठी. एक डोळा गेलेली बरीच माणसं नकळत मान जास्त हलवायला शिकतात, तूही करत असशील, आरशात बघ.

अवघड जाणार ते जवळचं, ग्लासात पाणी ओतणं, सोल्डरिंग, शेकहँडला हात पुढं करणं. सोल्डरिंगला आधी टोक बोर्डला टेकव मग सरकव. आणि उजव्या बाजूचं दिसणं कमी आहे हे रस्त्यावर विसरू नको, मान पूर्ण वळवूनच बघायचं. बॅटिंग कर, पण न फुटणारा पॉलिकार्बोनेटचा चष्मा आणि ग्रिलचं हेल्मेट घालूनच, उरलेल्या डोळ्याला काही होता कामा नये. लायसन्सचं डोळ्याच्या डॉक्टरांकडनं तपासून घेऊन रीतसर विचार.

प्रश्न: कारखाने चालू झाले की चिकोडी, निपाणी रोडवर रात्री उसाच्या ट्रॉल्या. मोटरसायकलवर असताना ट्रॉली लांब आहे असं वाटतं आणि एकदम अंगावर येते. माझी नजर चांगली आहे, डॉक्टरांनी बघितलंय. मग चुकतं कुठं?

दादा, तुमचं काही चुकत नाही, अंधारात तुमची मोजपट्टी काढून घेतलेली असते. दिवसा आपण लांबचं अंतर जमिनीवरनं काढतो. आपल्या डोळ्याची जमिनीपासनं उंची अंगाला माहीत असते आणि वस्तू जिथं जमिनीला टेकलीय तिथं बघायला नजर किती खाली झुकवावी लागते त्यावरनं ती किती लांब हे कळतं. डोळा दीड मीटर उंचीवर असेल आणि नजर १० अंश खाली जात असेल तर वस्तू साडेआठ मीटरवर, ३ अंशच खाली जात असेल तर २८-२९ मीटरवर. लोकांना नजर जराशी खाली वळवणारा लोलकाचा चष्मा घालून बघितलं तर त्यांना सगळं जवळ वाटायला लागलं, म्हणजे अंग खरंच हा कोन वापरतं. आता रात्री बघा, पुढचा रस्ता दिसत नाही, ट्रॉलीची चाकं कुठं टेकलीत ते दिसत नाही, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, असला तर उसाच्या पाल्यानं झाकलेला. अंधारात एक काळा ढीग, त्याला आकार नाही की जमीन नाही. दोन डोळ्यांचा फरक तेवढ्या लांबवर कमी पडतो. उरतं एकच, वस्तू मोठी होत जाणं, पण ते लांब असताना अगदी सावकाश होतं आणि शेवटी शेवटी एकदम. तुम्ही ‘एकदम अंगावर येते’ लिहिलंय ते शब्दशः खरं आहे.

त्यात मोठी वस्तू हळू चाललीय असं वाटतं, हा धोका वेगळाच. रेल्वे फाटकावर माणसं घाई का करतात यावर हर्शल लीबोविट्झ यांनी १९८५ साली हेच लिहिलं होतं, प्रचंड इंजिन आहे त्यापेक्षा सावकाश येतंय असं वाटतं. टिळकवाडीच्या गेटवर दांडीखालनं गाडी घालणाऱ्यांनी हे वाचावं.

मला याचा मनापासनं राग येतो, कारण नजर तपासून घेऊन, हळू चालवून सगळा भार मोटरसायकलवाल्यानं घ्यायचा आणि ट्रॉलीला मागं लाल रिफ्लेक्टरची पट्टी लावायची नाही. पट्टी रुंदीभर लावली तर दोन टोकं दिसतात, दोन टोकांत किती जागा दिसते त्यावरनं अंतर कळतं, मधे एकच बारका लाईट असेल तर काहीच कळत नाही. ज्यांच्या घरात ट्रॅक्टर आहे त्यांनी हे आजच करावं. तुम्ही दादा, हेडलाईटच्या उजेडात थांबता येईल एवढाच वेग ठेवा.

प्रश्न: आम्ही राजहंसगडावर जातो. पाठीवर सॅक असली की चढ जास्त उभा दिसतो. हे खरं दिसतं की मनाचं? (बारावी, येळ्ळूर)

यावर शास्त्रज्ञांचंच भांडण आहे. चढ मुळातच सगळ्यांना फार उभा दिसतो, ५ अंशांचा चढ लोक २० अंशांचा सांगतात. चढाकडं बघत, पण हाताकडं न बघता, हाताखालची फळी तेवढी तिरकी करा म्हटलं तर मात्र बरंच बरोबर करतात, म्हणजे तोंडाचं उत्तर वेगळं आणि हाताचं वेगळं. अमेरिकेच्या डेनिस प्रॉफिट यांनी १९९९ मधे सांगितलं की पाठीवर ओझं असेल तर चढ आणखी उभा दिसतो. मग २००९ मधे फ्रँक डर्गिन यांनी काही जणांना सांगितलं की या सॅकमधे स्नायू मोजायची मशीन आहे, आणि त्यांच्यावर ओझ्याचा परिणाम दिसलाच नाही, म्हणजे बाकीचे लोक प्रयोग करणाऱ्याला काय पाहिजे ते ओळखून उत्तर देत होते. मला डर्गिन यांचं पटतं.

पण म्हणून अंगाचा काही संबंधच नाही असं नव्हे. २०११ मधे स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधे लोकांना डोळ्यांवरच्या स्क्रीनमधनं स्वतःच्या जागी ३० सेंटिमीटरची खेळण्यातली बाहुली दाखवली आणि तिच्या पायाला आणि त्यांच्या पायाला एकाच वेळी हात लावला, त्यांना ते अंग आपलंच वाटायला लागलं आणि समोरच्या वस्तू मोठ्या आणि लांब वाटायला लागल्या. दुसरा प्रयोग तुम्ही गडावरच करा. गडाकडं पाठ करून वाका आणि पायांमधनं बुरुजाकडं बघा, सगळं चपटं झाल्यासारखं दिसतं. जपानच्या हिगाशियामा आणि अदाची यांनी दाखवलं की चित्र उलटं झाल्यामुळं हे होत नाही, उलटं दाखवणारा चष्मा घालून सरळ उभं राहिलं तर हा फरक पडत नाही, फरक पडतो तो अंग उलटं झाल्यामुळं. या कामाला २०१६ चं इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते गमतीचं बक्षीस. दगडावर उभं राहून करू नका, सपाटीवर करा.

प्रश्न: नवा बायफोकल घेतल्यापासनं जिना उतरताना पायरी वर आल्यासारखी वाटते. दोनदा पाय चुकला. चष्मा चुकीचा दिलाय का? (अनगोळ)

बहुतेक नाही काकू. खालची काच हातातला पेपर वाचायला, म्हणजे फूट-दीड फुटासाठी असते आणि पायरी तुमच्या डोळ्यापासनं दीड मीटरवर. त्या काचेतनं पायरी धूसर आणि मोठी दिसते, पाय त्या हिशोबानं पडतो. उतरताना हनुवटी छातीकडं घ्या म्हणजे वरच्या काचेतनं दिसेल, कठडा धरा, आणि जमलं तर बाहेर चालायला नुसता लांबचा वेगळा चष्मा करून घ्या. महिनाभरात सवय झाली नाही तर परत दाखवा. मुलाला सांगून प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा मारून घ्या आणि जिन्यातला गेलेला बल्ब आधी बदला.